ग्राफ्ट कशाचे, हे कळते. ते कसे घडवले, हे कोण सांगणार?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा गोव्याचे नाव देशाच्या यादीत सर्वांत वर होते. वीस वर्षांवरील लोकसंख्येपैकी २६.४ टक्के गोमंतकीयांना मधुमेह असल्याचे त्यात नमूद होते. देशाची सरासरी ११.४ टक्के. त्यानंतर आपल्याकडे चर्चा झाली ती आहाराची, व्यायामाची आणि मोफत तपासणी शिबिरांची. ती आवश्यकच होती. पण या आकड्याच्या पाठीमागून येणारा एक प्रश्न तसा दुर्लक्षितच राहिला. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाची संवेदना जाते, रक्तपुरवठा मंदावतो आणि एखादी किरकोळ जखम महिनोन्‌महिने भरत नाही. ती जखम सडली तर बोट, पाऊल, प्रसंगी गुडघ्याखालचा पाय गमावण्याची वेळ येते. अशा जखमांवर वापरण्याच्या ज्या नव्या साधनांची नावे आता रुग्णांच्या कानांवर पडू लागली आहेत, त्यांत प्राण्यांच्या ऊतकांपासून तयार केलेल्या जैविक ग्राफ्टचा समावेश आहे.

हे ग्राफ्ट केवळ मधुमेहींच्याच वाट्याला येते असे नाही. पोटाचा मोठा हर्निया, भाजल्याच्या जखमा, स्तनाच्या कर्करोगानंतरची पुनर्रचना, हृदयाची झडप बदलणे, अशा अनेक शस्त्रक्रियांत गाय, डुक्कर किंवा मृत मानवी दात्याच्या ऊतकापासून बनवलेला पदार्थ शरीरात बसवला जातो. रुग्णाचे नातेवाईक बहुधा दोन गोष्टी विचारतात: हे कशापासून बनले आहे आणि याला किती पैसे पडतील? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र त्या ग्राफ्टचे शरीरात पुढे काय होणार, हे बऱ्याच अंशी तिसऱ्याच गोष्टीवर ठरते. मूळ ऊतक आणि तयार ग्राफ्ट यांच्या मधल्या टप्प्यात त्यावर कोणती रासायनिक आणि विकरांची, म्हणजे एन्झाइमची, प्रक्रिया झाली, ही ती गोष्ट होय. तिच्याविषयी रुग्णाला फारसे काही सांगितले जात नाही. रुग्णालयाच्या खरेदीच्या निविदेतही ती क्वचितच डोकावते.

मांडव आणि वेल

आपल्याकडे ‘कलम’ म्हटले की मानकुरादच्या आंब्याची आठवण होते. तिथे खुंट जिवंत असतो आणि त्यावर बांधलेली फांदीही जिवंत असते. जैविक ग्राफ्टचे तसे नसते. प्राण्याची त्वचा, आतड्याचा थर किंवा हृदयाभोवतीचे आवरण घेऊन त्यातील सर्व पेशी काढून टाकल्या जातात. मागे उरते ते पेशींभोवतीचे तंतुमय आधारजाळे. ते मृत असते. परंतु त्याची वीण शाबूत असते. रुग्णाच्या शरीरात ते बसवल्यावर रुग्णाच्याच पेशी आणि रक्तवाहिन्या त्यात शिरतात, वाढतात आणि कालांतराने त्या परक्या जाळ्याच्या जागी स्वतःचे ऊतक उभे करतात. वेलीसाठी मांडव घालावा आणि वेल पुरती पसरेपर्यंत तो उभा राहावा, इतकीच अपेक्षा या ग्राफ्टकडून असते.

अपेक्षा साधी वाटली तरी ती पुरी करणे अवघड आहे. मांडव वेलीआधीच कोसळला तर सारे फुकट. तो इतका टणक असेल की वेलीला त्यात शिरताच येऊ नये, तर तो शरीरात परकी वस्तू म्हणून तसाच पडून राहतो. त्याच्याभोवती जाड आवरण तयार होते, कधी त्यात चुन्याचे थर साचतात. म्हणजे ग्राफ्टचा चिवटपणा, त्याची लवचीकता आणि विरघळण्याचा वेग या तिन्हींचा मेळ शरीराच्या त्या विशिष्ट जागेच्या गरजेशी बसावा लागतो.

प्रत्येक जागेची गरज वेगळी. खोकताना किंवा उडी मारताना पोटाच्या भिंतीवर येणारा कमाल ताण अभ्यासकांनी दर सेंटीमीटरला सुमारे १६ न्यूटन इतका मोजला आहे. पोटावर लावलेले ग्राफ्ट तो ताण सोसणारे आणि फारसे न ताणले जाणारे हवे. हृदयाच्या झडपेची पाकळी दिवसातून सुमारे एक लाख वेळा उघडते आणि मिटते. म्हणूनच ऊतकापासून बनवलेल्या झडपांना आंतरराष्ट्रीय मानकांनुसार प्रयोगशाळेतील यंत्रात २० कोटी आवर्तने पार करून दाखवावी लागतात. स्तनाच्या पुनर्रचनेत मात्र ग्राफ्ट मऊ आणि अंगासरशी वळणारे हवे. एकाच डुकराच्या पाठीची त्वचा या तिन्ही कामांना जशीच्या तशी चालणार नाही, हे उघड आहे.

विकर नेमके काय करते

ऊतकाची बळकटी मुख्यतः दोन प्रथिनांवर अवलंबून असते. कोलॅजेन हे काथ्याच्या सुंभासारखे: ओढले तर सहजी तुटत नाही, पण फार लांबतही नाही. इलॅस्टिन हे रबरासारखे: ताणले जाते आणि सोडल्यावर मूळ जागी परतते. या तंतूंना एकमेकांशी जखडणारे रासायनिक दुवे असतात आणि तंतूंच्या मधल्या जागेत पाणी धरून ठेवणारे शर्करायुक्त रेणू असतात. यांतील कशाचे प्रमाण किती, यावर ऊतकाचा स्वभाव ठरतो.

विकर म्हणजे एखादा ठरावीक रासायनिक दुवाच तोडणारी किंवा जोडणारी नैसर्गिक कात्री अथवा सुई. मटण शिजवण्यापूर्वी त्याला कच्च्या पपईचा कीस चोळून ठेवण्याची रीत आपल्या स्वयंपाकघरांत जुनी आहे. पपईतील पापेन हे विकर मांसातील प्रथिने तोडते आणि मांस मऊ होते. अननसातील ब्रोमेलेन आणि अंजिराच्या चिकातील फिसिन ही त्याच कुळातील भावंडे. अशाच प्रथिनभेदी विकरांनी डुकराच्या त्वचेपासून बनवलेली ताठर चादर आवश्यक तेवढी मऊ करण्याच्या पद्धती अमेरिकेत विकसित झाल्या आणि पेटंटबद्धही झाल्या. इलॅस्टेज हे विकर प्रामुख्याने इलॅस्टिनवर चालते. कूर्चेवरील संशोधनात कॉन्ड्रॉइटिनेज हे विकर शर्करायुक्त रेणू तात्पुरते हटवण्यासाठी वापरले गेले आहे. ट्रान्सग्लुटामिनेजसारखे विकर उलट दिशेने काम करते. ते प्रथिनांचे दुवे जोडून ऊतक घट्ट करते.

स्वयंपाकघरात पपई थोडी अधिक वेळ राहिली तर मटणाचा लगदा होतो आणि जेवण बिघडते. ग्राफ्टच्या बाबतीत तीच चूक शस्त्रक्रियेची शिवण फाटण्यापर्यंत जाते. म्हणून विकराची तीव्रता, तापमान, आम्लता आणि वेळ यांवर काटेकोर नियंत्रण लागते. काम झाल्यावर ते विकर पूर्णपणे निष्क्रिय करून धुऊन काढावे लागते, नाही तर त्याचा अंश शरीरातही आपले तोडण्याचे काम चालू ठेवू शकतो. शिवाय विकर हा स्वतः जीवसृष्टीतून मिळवलेला पदार्थ आहे. जिवाणूंपासून मिळवलेल्या कोलॅजिनेजच्या दोन खेपांची ताकद एकसारखी नसते, हा प्रयोगशाळांतील नेहमीचा अनुभव. कच्चे ऊतकही प्राण्याचे वय, जात आणि शरीराची जागा यांनुसार बदलते. तेव्हा एका कंपनीच्या एका उत्पादनात सातत्य राखणे हेच मोठे कौशल्य ठरते. दोन कंपन्यांच्या उत्पादनांना केवळ ‘डुकराच्या त्वचेचे ग्राफ्ट’ या एका नावाखाली मोजणे तर सरळच दिशाभूल करणारे आहे.

इतिहासाने दिलेले धडे

ऊतकाचा स्वभाव बदलण्याचा प्रयत्न नवा नाही. फ्रान्सचे शल्यविशारद आलँ कार्पेंतिए यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस डुकराच्या हृदयाच्या झडपांवर ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाची प्रक्रिया केली. कोलॅजेनचे तंतू एकमेकांशी जखडले गेले, झडप टिकाऊ झाली आणि शरीराचा विरोधही मंदावला. आजच्या जैविक झडपांचा पाया त्यातून घातला गेला. पण त्याच रसायनाने जखडलेल्या ऊतकात पुढे कॅल्शियम साचते, हेही लक्षात आले. अशा झडपा बहुधा दहा ते पंधरा वर्षांत निकामी होऊ लागतात. तरुण रुग्णांत त्याहूनही लवकर. एका समस्येवरील उपायातून दुसरी समस्या जन्मली.

त्यानंतर आशा वळली ती पेशी काढून टाकलेल्या, पण रसायनाने न जखडलेल्या ऊतकांकडे. या वाटेवरचा सर्वांत कटू प्रसंग व्हिएन्नामध्ये घडला. सिनरग्राफ्ट या नावाची, पेशी काढून टाकलेली डुकराची झडप तिथे चार मुलांना बसवण्यात आली. तिच्या प्रक्रियेत पेशी फोडून त्यांचे जनुकीय अवशेष न्यूक्लिएज विकराने नष्ट केले जात असत. चारांपैकी तीन मुले दगावली. एकाचे ग्राफ्ट सातव्या दिवशी फुटले. दोघांचा मृत्यू सहा आठवड्यांनी आणि वर्षभराने अकस्मात झाला. चौथ्या मुलाची झडप खबरदारी म्हणून दोन दिवसांतच काढून घेण्यात आली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय अहवालात तीव्र दाह आणि ऊतकाचा ऱ्हास झाल्याचे नमूद होते. न वापरलेल्या झडपांच्या तपासणीत पेशी पूर्णपणे निघालेल्याच नव्हत्या असे दिसून आले. ‘पेशीविरहित’ हा शब्द लिहिला म्हणून ऊतक पेशीविरहित होत नाही, हे त्या तीन मुलांच्या मृत्यूने शिकवले. पुढे २०११ मध्ये या क्षेत्रातील संशोधकांनी किमान कसोटी सुचवली: कोरड्या ऊतकाच्या दर मिलिग्रॅममागे ५० नॅनोग्रॅमहून कमी डीएनए उरावा आणि उरलेले तुकडे २०० जोड्यांहून आखूड असावेत.

दुसरा धडा हर्नियाच्या शस्त्रक्रियांतून मिळाला. मृत दात्याच्या त्वचेपासून बनवलेले अ‍ॅलोडर्म हे ग्राफ्ट अमेरिकेत १९९० च्या दशकात भाजल्याच्या जखमांसाठी आले. पुढे ते पोटाच्या भिंतीसाठीही वापरले जाऊ लागले. मानवी त्वचेत इलॅस्टिन भरपूर असल्याने ते हळूहळू ताणले गेले आणि अनेक रुग्णांत पोट पुन्हा फुगून आले. त्यानंतर त्याच कंपनीने डुकराच्या त्वचेपासून स्ट्रॅटिस हे अधिक ताठ उत्पादन आणले. डुकराच्या ऊतकावर ‘अल्फा-गॅल’ नावाची एक शर्करा असते. ती मानवी शरीरात नसते आणि आपल्या रक्तात तिच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये जन्मानंतर लवकरच तयार होतात. स्ट्रॅटिसच्या निर्मितीत गॅलेक्टोसिडेज या विकराने ही शर्करा छाटली जाते, हे विशेष. म्हणजे एका प्रकारचे विकर ग्राफ्टची शरीराला पटणारी ओळख घडवते आणि दुसऱ्या प्रकारचे त्याची ताकद ठरवते.

तिसरे उदाहरण अगदी अलीकडचे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ३१ मार्च २०२१ रोजी डॉक्टरांना आणि रुग्णांना एक सूचना दिली. स्तनाच्या पुनर्रचनेत वापरल्या जाणाऱ्या त्वचा-आधारजाळ्यांपैकी फ्लेक्सएचडी आणि अ‍ॅलोमॅक्स या दोन उत्पादनांत, शस्त्रक्रियेनंतरच्या दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे, रोपण काढावे लागणे आणि जंतुसंसर्ग यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले होते. ही दोन्ही उत्पादने मानवी त्वचेचीच. तुलनेतले अ‍ॅलोडर्मही मानवी त्वचेचेच. फरकाचे कारण प्रक्रियेतच आहे, असा निष्कर्ष त्या सूचनेत काढलेला नाही. पण एकाच मूळ पदार्थाच्या उत्पादनांचे परिणाम इतके भिन्न असू शकतात, एवढे मात्र त्यातून निर्विवादपणे दिसते. ‘कशापासून बनले’ या प्रश्नाचे उत्तर रुग्णाच्या सुरक्षेसाठी अपुरे का पडते, याचा याहून सरळ पुरावा मिळणे कठीण.

भारतीय पर्याय आणि त्याचा वेगळा मार्ग

आपल्या देशातील घडामोडही लक्षणीय आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी डुकराच्या पित्ताशयापासून जखमांवर लावण्याचे आधारजाळे विकसित केले. ‘कोलेडर्म’ या नावाच्या या उत्पादनाला २०२३ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांची मान्यता मिळाली. सस्तन प्राण्याच्या अवयवापासून देशात तयार झालेले आणि ‘ड’ वर्गाच्या निकषांत बसलेले हे या प्रकारचे पहिले उत्पादन ठरले. प्राण्यांवरील प्रयोगांत भाजलेल्या आणि मधुमेही जखमा बाजारातील तत्सम उत्पादनांपेक्षा लवकर आणि कमी व्रण ठेवून भरल्या, असे तेव्हा सांगण्यात आले. उपचाराचा खर्च १० हजार रुपयांवरून दोन हजारांपर्यंत उतरेल, असा संशोधकांचा अंदाज होता. कत्तलखान्यात टाकून दिल्या जाणाऱ्या अवयवातून हे मिळते, हेही अर्थकारणाच्या दृष्टीने महत्त्वाचे.

या संशोधकांनी निवडलेली वाट इथे पाहण्याजोगी आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात पित्ताशयापासून आधारजाळे मिळवण्याची जी पद्धत सांगितली आहे, ती डिटर्जंट किंवा विकर न वापरणारी आहे. पेशी काढण्यासाठी वापरलेले डिटर्जंट आणि विकर तंतूंचीही हानी करतात, ही अडचण त्यांनी टाळली. म्हणजे विकर वापरलेले ग्राफ्ट श्रेष्ठ आणि न वापरलेले कनिष्ठ, किंवा याच्या उलट, असे समीकरण मांडता येणार नाही. पोटाच्या भिंतीसाठी एक पद्धत योग्य, पायाच्या जखमेसाठी दुसरी, झडपेसाठी तिसरीच. डॉक्टर, खरेदी अधिकारी आणि रुग्ण या तिघांनाही ही निवड डोळसपणे करता यावी, एवढाच खरा प्रश्न आहे.

मानवी ऊतकांच्या बाबतीत आपल्या शेजारी दीर्घ अनुभव आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ऊतक पेढी १९८८ पासून काम करते. तिथे गर्भावरण, अस्थी आदी ऊतके गॅमा किरणांनी निर्जंतुक केली जातात. या किरणांची मात्रा वाढली की कोलॅजेन कमकुवत होते, हे जगभर ज्ञात आहे. म्हणूनच निर्जंतुकीकरण आणि बळकटी यांचा तोल सांभाळावा लागतो. प्रक्रियेचा प्रत्येक टप्पा ऊतकाच्या ताकदीत आपला वाटा उचलतो किंवा ती घटवतो, याचे हे आणखी एक उदाहरण.

कायद्याची चौकट आणि तिच्यातील फट

वैद्यकीय उपकरण नियम २०१७ अन्वये प्राण्यांच्या मृत ऊतकांपासून बनवलेली आणि शरीरात बसवायची साधने ‘ड’ या सर्वाधिक जोखमीच्या वर्गात मोडतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘क’ आणि ‘ड’ वर्गांतील साधनांना परवाना सक्तीचा झाला. परवान्यासाठी कंपनीला जैविक मूळस्रोत, निर्मितीची प्रक्रिया आणि चाचण्यांचे निष्कर्ष असलेला तांत्रिक दस्तऐवज केंद्रीय नियामकाकडे द्यावा लागतो. चौकट अशी चांगली आहे. पण ती माहिती दिल्लीतील फायलीतून बांबोळीच्या शस्त्रक्रियागृहापर्यंत आणि तिथून रुग्णाच्या खाटेपर्यंत सारांशरूपाने तरी पोहोचायला हवी. आज रुग्णाच्या हाती पडते ते शेवटच्या बिलावरील एक व्यापारी नाव.

सरकारी खरेदीत तर हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. निविदेत ‘पेशीविरहित त्वचा-आधारजाळे, अमुक बाय तमुक सेंटीमीटर’ एवढेच लिहिले, तर सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम मिळणे अटळ ठरते. दहा हजारांचे आणि दोन हजारांचे ग्राफ्ट एकसारखेच असेल तर दोन हजारांचे घेणे हेच शहाणपण. पण ते एकसारखे आहे की नाही, हे ठरवण्याचे मोजमाप निविदेतच नसेल तर स्वस्त आणि निकृष्ट यांच्यातील भेद कोणी सिद्ध करायचा? चांगल्या आणि स्वस्त देशी उत्पादनावरही यात अन्याय होतो. कारण आपले गुण आकड्यांत दाखवण्याची संधीच त्याला मिळत नाही आणि महागडे आयात उत्पादन केवळ नावाच्या वजनावर श्रेष्ठ मानले जाते.

कंपन्यांचा यावर ठरलेला आक्षेप असतो: प्रक्रिया हे आमचे व्यापारी गुपित आहे. त्यात अंशतः तथ्य आहे. मात्र कुणी विकराची पाककृती मागत नाही. तयार ग्राफ्टची जाडी, ताणबळ, टाका धरून ठेवण्याची क्षमता, ताणल्यावर होणारी वाढ, उरलेल्या डीएनएचे प्रमाण, रासायनिक दुव्यांनी जखडले आहे की नाही आणि शरीरात विरघळण्याचा अपेक्षित काळ, इतके आकडे सांगण्याने कोणतेही गुपित फुटत नाही. ज्या पद्धतींचे पेटंट घेतले जाते, त्या तर पेटंटच्या कागदपत्रांत जाहीरच झालेल्या असतात.

संमती कशासाठी

सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये रुग्णाच्या संमतीचे तत्त्व स्पष्ट केले. पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती, असा त्याचा आशय. जैविक ग्राफ्टच्या बाबतीत या ‘पुरेशा माहितीत’ मूळ प्राण्याचा उल्लेख येतो, यावर दुमत असण्याचे कारण नाही. गोव्यासारख्या राज्यात हिंदू, ख्रिस्ती, मुस्लिम आणि जैन कुटुंबे एकाच वॉर्डात शेजारी असतात. कुणाला गाईच्या ऊतकाचे वावडे असेल, कुणाला डुकराच्या. जीव वाचवण्यासाठी बहुतेक जण ते स्वीकारतीलही. पण स्वीकारणे आणि नंतर योगायोगाने कळणे यांत फार अंतर आहे. ज्या शस्त्रक्रियेत कृत्रिम जाळी किंवा रुग्णाची स्वतःची त्वचा हा पर्याय उपलब्ध आहे, तिथे तर निवडीचा अधिकार रुग्णाचाच. शिवाय अल्फा-गॅल शर्करेची अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णाच्या दृष्टीने मूळ प्राणी आणि ती शर्करा छाटणारी प्रक्रिया, ही दोन्ही माहिती श्रद्धेपलीकडची, थेट वैद्यकीय सुरक्षेची बाब ठरते.

‘रुग्ण आधीच गोंधळलेला असतो, त्याला विकर आणि कोलॅजेन काय सांगायचे?’ असे डॉक्टरांकडून ऐकू येते. त्यांच्यावरील कामाचा ताण पाहता हा उद्गार समजण्यासारखा आहे. पण अर्ध्या पानाची मराठी किंवा कोकणी पुस्तिका, त्यात ग्राफ्टचा मूळ प्राणी, ते किती काळ टिकणे अपेक्षित आहे, ते विरघळणारे की राहणारे आणि पर्याय कोणते, इतके सांगणे कोणत्याही रुग्णालयाच्या आवाक्याबाहेरचे नाही.

गोव्याने काय करावे

राज्य लहान असण्याचा एक लाभ असा की निर्णय झाला तर तो लवकर अमलात येऊ शकतो. सार्वजनिक उपचारांचा मोठा भार गोमेकॉ आणि जिल्हा इस्पितळे उचलतात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेमुळे खासगी रुग्णालयांतील उपचारांचाही खर्च सरकारी तिजोरीतून होतो. जिथे सरकार पैसे मोजते तिथे माहिती मागण्याचा अधिकारही सरकारला आहे.

पहिली गोष्ट निविदेची. जैविक ग्राफ्टच्या खरेदीत वर सांगितलेली यांत्रिक मोजमापे अनिवार्य करावीत आणि शस्त्रक्रियेच्या प्रकारानुसार वेगळे निकष लावावेत. पोटासाठीचे आणि पायाच्या जखमेसाठीचे ग्राफ्ट एकाच ओळीत खरेदी होऊ नये. दुसरी गोष्ट नोंदवहीची. कोणत्या रुग्णाला कोणत्या खेपेचे कोणते ग्राफ्ट बसवले आणि वर्षभराने त्याचे काय झाले, याची साधी नोंद राज्याने ठेवावी. साधनांमुळे होणाऱ्या दुष्परिणामांची माहिती गोळा करण्यासाठी ‘मटेरिओव्हिजिलन्स’ हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे. राज्याची नोंदवही त्याला जोडता येईल. अमेरिकेतील २०२१ ची सूचना निघू शकली ती शेकडो रुग्णांच्या पाठपुराव्याच्या नोंदी उपलब्ध होत्या म्हणूनच. नोंद नसेल तर ग्राफ्ट निकामी झाल्याचे खापर रुग्णाच्या साखरेवर फुटते आणि वस्तूची चौकशी होतच नाही. तिसरी गोष्ट संमतीपत्राची, तिचा उल्लेख वर आलाच आहे.

हे सारे करताना तारतम्यही हवे. जैविक ग्राफ्ट हा रामबाण उपाय नव्हे. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णाला आजही स्वतःच्या त्वचेचे रोपण हाच मुख्य आधार आहे. मधुमेही पायाच्या बाबतीत तर रोज पाय तपासणे, योग्य पादत्राणे, साखरेवर नियंत्रण आणि पहिल्याच फोडाला डॉक्टर गाठणे, यांचे मोल कोणत्याही ग्राफ्टहून अधिक. रक्तपुरवठाच बंद पडलेल्या पायावर उत्तमातले उत्तम आधारजाळे ठेवले तरी त्यात शिरायला पेशी येणार कुठून? या साधनांचा गाजावाजा करून प्राथमिक आरोग्य केंद्रांतील पाय-तपासणीकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही.

अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्याच्या इतिहासात गोव्याचे एक स्थान आहे, ते यानिमित्ताने आठवणे उचित होईल. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने केला तो गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या राज्यांच्या विधानसभांनी तशी मागणी करणारे ठराव संमत केल्यामुळे. आणि प्रारंभी तो लागूही झाला याच तीन राज्यांना आणि केंद्रशासित प्रदेशांना. २०११ मध्ये त्याच कायद्यात ‘ऊतक’ हा शब्द समाविष्ट करणारी दुरुस्ती झाली, तेव्हाही पुढाकार घेणाऱ्या राज्यांत गोवा होता. मानवी ऊतकांच्या बाबतीत जे राज्य दोनदा अग्रभागी राहिले, त्याने प्राण्यांच्या ऊतकांच्या बाबतीत मागे राहण्याचे कारण नाही. इथे तर संसदेकडे जाण्याचीही गरज नाही. निविदेचा मसुदा, एक नोंदवही आणि अर्ध्या पानाची पुस्तिका आरोग्य खात्याच्या अधिकारातच बसते.

मधुमेहाच्या आकड्यात गोवा आज देशात पहिला आहे. या प्रथम क्रमांकाचे ओझे पुढची अनेक वर्षे इथल्या रुग्णालयांना वाहायचे आहे आणि त्या वाटेवर अशी ग्राफ्ट अधिकाधिक रुग्णांच्या शरीरात जाणार आहेत. ती कशी घडवली गेली आणि किती ताण सोसू शकतील, हे विचारण्याची वेळ खरेदीच्या आधीची असते. ग्राफ्ट फाटल्यावर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तरी त्या रुग्णाला त्याचा उपयोग उरत नाही.